दोन वर्षांत म्हातारे झालेले प्रोसेसर

काही लाख रुपये मोजून जुळवलेला नवा संगणक. त्यात २४ गिगाबाइट मेमरीचे ग्राफिक्स कार्ड. गेम उघडला की शेडर तयार होत असल्याची पट्टी सरकू लागते, अर्ध्यापर्यंत जाते, आणि गेम बंद पडून संदेश येतो: व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. मेमरी तर जवळजवळ सगळी मोकळी असते. पुन्हा उघडावा तर कधी चालतो, कधी त्याच जागी अडतो.

२०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीस जगभरातल्या अनेकांनी या एका संदेशापायी ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिले, रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकली. काहींनी गेम बनवणाऱ्या कंपन्यांना धारेवर धरले. बिघाड यांपैकी कशातच नव्हता. तो प्रोसेसरमध्ये होता, म्हणजे जो भाग सहसा बिघडत नाही असे दुरुस्ती करणारेही धरून चालतात, नेमक्या त्याच भागात. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वापरता वापरता आतून झिजत होते. प्रोसेसरमध्ये हलणारा एकही भाग नसतो. मग तो झिजतो म्हणजे काय होते?

संदेश कार्डाचा, दुखणे प्रोसेसरचे

आधी त्या फसव्या संदेशाचा उलगडा करू. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग कसा काढायचा हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात. जागा वाचावी म्हणून गेमचा हा सगळा ऐवज डिस्कवर झिप फाइलप्रमाणे कॉम्प्रेस करून ठेवलेला असतो. गेम सुरू होताना तो उलगडायचे काम प्रोसेसर करतो, आणि तेही सगळ्या ताकदीनिशी, कारण खेळणारा खोळंबलेला असतो.

उलगडण्याच्या कामात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर उभी असते. फोटोतल्या एका ठिपक्याचा रंग चुकला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र एक बिट चुकला, शून्याच्या जागी एक आला, की पुढचे सगळे निरर्थक होते. असा बिघडलेला शेडर कार्ड स्वीकारत नाही. गेमच्या इंजिनाला एवढेच कळते की कार्डाने नकार दिला. आणि नकाराचे नेहमीचे कारण मेमरी अपुरी पडणे हे असल्याने तेच पडद्यावर छापले जाते.

उलगडण्याची ही प्रणाली पुष्कळ गेममध्ये ‘ऊडल’ नावाची असते. ती बनवणाऱ्या रॅड गेम टूल्स या कंपनीने २०२४ च्या सुरुवातीस जाहीरपणे सांगितले की दोष आमच्या प्रोग्रॅममध्ये किंवा गेममध्ये दिसत नाही, हा हार्डवेअरचा प्रश्न आहे. त्यांनी सुचवलेला तात्पुरता उपाय फार बोलका होता. प्रोसेसरच्या मोठ्या कोअरचा, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र गणनाभागांचा, वेग ठरवणारा गुणक ५५ वरून ५४ किंवा ५३ वर आणा, म्हणजे वेग ५.५ गिगाहर्ट्‌झऐवजी ५.४ किंवा ५.३ करा. एवढ्याने अनेकांचे गेम सुरळीत चालू लागले. सॉफ्टवेअरमध्ये चूक असती तर वेग दोन-चार टक्क्यांनी कमी केल्याने ती नाहीशी झाली नसती. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानेही अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितले.

ठोका आणि पाऊल

वेग कमी केल्यावर चूक का थांबली, हे समजायला प्रोसेसरचे घड्याळ समजून घ्यावे लागते. शाळेच्या मैदानावर शे-दीडशे मुले हलगीच्या ठोक्यावर लेझीम खेळत आहेत असे डोळ्यांसमोर आणा. ठोका पडला की सगळ्यांनी एक पाऊल टाकायचे आणि पुढच्या ठोक्याच्या आत ते जमिनीवर टेकलेले हवे. लय संथ असेल तर सगळे सहज जमते. लय वाढवत नेली की एक क्षण असा येतो, की सर्वांत सावकाश मुलाचे पाऊल हवेत असतानाच पुढचा ठोका पडतो आणि रांग विस्कटते.

प्रोसेसरमध्ये मुलांच्या जागी ट्रान्झिस्टर असतात, विजेने उघडझाप होणाऱ्या अतिसूक्ष्म कळा. एक बेरीज करायची तर अशा कळांची साखळी एकामागून एक बदलावी लागते. घड्याळाचा ठोका पडला की साखळीच्या टोकाला जे असेल ते उत्तर म्हणून उचलले जाते. साखळी बदलून पूर्ण झालेली नसेल तरी उचलले जातेच. ते चुकले आहे हे प्रोसेसरला त्या वेळी कळत नाही.

१९९३ मध्ये आलेल्या पहिल्या पेन्टियमच्या घड्याळाचे सेकंदाला ६ कोटी ठोके पडत. २०२३ च्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरमध्ये जास्तीत जास्त ६०० कोटी पडतात, म्हणजे ६ गिगाहर्ट्‌झ. दोन ठोक्यांमध्ये प्रकाशसुद्धा जेमतेम पाच सेंटिमीटर जातो, आणि तेवढ्यात ही साखळी पूर्ण व्हायची असते.

साखळी लवकर बदलायची तर ट्रान्झिस्टरला जोर हवा. हा जोर म्हणजे व्होल्टेज. व्होल्टेज वाढवले की कळा झटपट बदलतात. त्यामुळे प्रत्येक वेगाला किमान अमुक इतके व्होल्टेज लागतेच, त्याखाली चुका होऊ लागतात. या किमान व्होल्टेजला अभियंते ‘व्ही-मिन’ म्हणतात. कारखान्यात प्रत्येक चिप तपासून कोणत्या वेगाला किती व्होल्टेज हवे याचा तक्ता तिच्यातच कायमचा नोंदवला जातो. एकाच सिलिकॉन चकतीतून कापलेल्या दोन चिपसुद्धा तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून तक्ता प्रत्येकीचा निराळा.

या तक्त्यात व्ही-मिनच्या वर थोडे जास्तीचे व्होल्टेज धरलेले असते. हेच मार्जिन. उन्हाळ्यात खोली तापते, अचानक काम वाढले की व्होल्टेज क्षणभर खचते, वर्षानुवर्षांच्या वापराने ट्रान्झिस्टर मंदावतात. या सगळ्याची तरतूद त्या मार्जिनमध्ये असते. प्रोसेसर दहा-दहा वर्षे बिनतक्रार चालतो तो या तरतुदीमुळे. १३९००के आणि १४९००के या चिप ५.८ आणि ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत पळवताना ती फार आवळली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्होल्टेज कोण मागतो, कोण देतो

प्रोसेसरला लागणारी वीज मदरबोर्डवरची नियंत्रक मंडले पुरवतात. तक्ता पाहून प्रोसेसर सतत मागणी नोंदवत राहतो: आता इतके द्या, आता कमी करा. ही मागणी ठरवणारा छोटा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या आत असतो, त्याला मायक्रोकोड म्हणतात. मायक्रोकोडची नवी आवृत्ती मदरबोर्डच्या बायोसबरोबर (संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर) घालता येते, म्हणून चिप विकली गेल्यानंतरही तिच्या वागणुकीत काही दुरुस्ती शक्य असते.

पहिला ठपका बसला मदरबोर्ड कंपन्यांवर. १४९००के साठी इंटेलची कमाल मर्यादा २५३ वॅट. पण आपला बोर्ड चाचण्यांमध्ये सरस ठरावा म्हणून अनेक कंपन्यांनी ही मर्यादा मूळ सेटिंगमध्येच काढून टाकली होती. ग्राहकाने काहीही न बदलता त्याचा प्रोसेसर मर्यादेबाहेर चालवला जात होता. २०२४ च्या उन्हाळ्यात इंटेलने बोर्ड कंपन्यांना ठरलेल्या मर्यादा मूळ सेटिंग म्हणून ठेवायला लावले. हे आवश्यकच होते.

पण चिप बिघडायच्या थांबल्या नाहीत. ऑनलाइन गेम चालवणाऱ्या सर्व्हरमध्येही हेच प्रोसेसर वापरले जात होते. त्या मदरबोर्डची सेटिंग सावध, वीजमर्यादा कडक. तिथूनही त्याच तक्रारी येऊ लागल्या. म्हणजे बोर्ड कंपन्यांचा हात असला तरी मूळ खोल कुठेतरी होते.

निवांत बसलेल्या संगणकाला काय झाले?

इथे या प्रकरणाचा सर्वांत अनपेक्षित भाग येतो. प्रोसेसरवर ताण कधी येतो असे विचारले तर कुणीही सांगेल की जड काम चालू असताना. तास-तास व्हिडिओ रेंडर करताना चिप तापते हे खरेच. पण या चिपना धोका हलक्या कामातही होता.

सगळे २४ कोअर एकदम कामाला लागले की उष्णतेमुळे वेग खाली आणावा लागतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही उतरते. याउलट एखादाच कोअर कामात असेल, तर चिप त्याला सर्वोच्च वेगापर्यंत पळू देते. सर्वोच्च वेगाला सर्वाधिक व्होल्टेज लागते. आणि या पिढीत सगळ्या कोअरना वीज एकाच वाटेने जाते, म्हणून एका कोअरसाठी मागितलेले व्होल्टेज साऱ्यांच्या वाट्याला येते. तुम्ही ब्राउझरमध्ये एक पान उघडता, एक कोअर क्षणभर ६ गिगाहर्ट्‌झला जातो, आणि तेवढ्या वेळात चिपवर दीड व्होल्टच्या आसपास दाब असतो. संगणक रिकामा दिसत असतानाही पार्श्वभूमीत अशी किरकोळ कामे सतत चालू असतात.

त्यात मायक्रोकोडमध्येच चूक होती. २२ जुलै २०२४ रोजी इंटेलने मान्य केले की मायक्रोकोड प्रोसेसरसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ या आवृत्तीने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आली. रिकामपणी आणि हलक्या कामात होणारी जादा मागणी तिने आवरली. मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ आली, ती दिवसचे दिवस चालू राहणाऱ्या आणि हलके काम करणाऱ्या संगणकांसाठी.

दीड व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो. पण ट्रान्झिस्टरमध्ये तो दाब एक-दोन नॅनोमीटर जाडीच्या विद्युतरोधक थरावर पडतो. थर इतका पातळ असला की दशांश व्होल्टचा फरकही झीज कितीतरी पटींनी वाढवतो.

झीज नेमकी कुठे झाली

दाब आणि उष्णता यांमुळे त्या पातळ थरात आणि त्याच्या काठाशी विद्युतभार अडकून बसू लागतो. जसजसा तो साठतो तसतशी कळ उघडायला जास्त जोर लागतो, म्हणजे ट्रान्झिस्टर मंद होतो. समजा नवी असताना एका चिपला ५.८ गिगाहर्ट्‌झसाठी १.३८ व्होल्ट लागत होते आणि तक्त्यात १.४२ नोंदवलेले आहेत. झिजल्यावर तिला १.४४ लागू लागले, तरी तक्ता १.४२ च सांगत राहतो. मार्जिन संपले. आता सगळे घड्याळाबरहुकूम चालते, फक्त अधूनमधून एखादे पाऊल ठोका पडताना हवेत राहते. इंटेलने या बिघाडाला दिलेले नाव ‘व्ही-मिन शिफ्ट’ याच सरकण्यावरून आले आहे.

कळा सगळ्या सारख्या झिजल्या असत्या तरी एवढा गोंधळ झाला नसता. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने नेमकी जागा सांगितली: कोअरच्या आतले ‘क्लॉक ट्री’, म्हणजे घड्याळाचा ठोका कोअरभर पोहोचवणारे मंडल. लेझमीच्या भाषेत सांगायचे तर मुले दमण्याआधी हलगीवाल्याचाच हात बिघडला. घड्याळाच्या एका ठोक्याचे दोन भाग असतात, वर जाण्याचा आणि खाली येण्याचा, आणि दोन्हींची लांबी ठरलेली असते. क्लॉक ट्रीतले ट्रान्झिस्टर झिजल्यावर हे प्रमाण ढळले: एक भाग लांबला, दुसरा आखूड झाला. ज्या साखळ्या त्या आखूड झालेल्या भागात पूर्ण व्हायच्या होत्या त्यांना वेळ पुरेना. एकूण वेग मोजला तर तोच भरतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

यापासून वेगळा असा आणखी एक दोष तेराव्या पिढीच्या सुरुवातीच्या काही चिपमध्ये होता. तांब्याच्या थरांना जोडणाऱ्या उभ्या जोडण्यांवर गंज धरत होता. तो कारखान्यातला दोष होता, २०२३ मध्येच दुरुस्त केल्याचे इंटेलने सांगितले आणि एकूण तक्रारींत त्याचा वाटा लहान असल्याचेही.

मायक्रोकोडच्या आवृत्त्या पुढची झीज रोखतात, झालेली भरून काढत नाहीत. झिजलेली चिप बदलावीच लागते.

गाजलेल्या चुका आणि मुक्या चुका

प्रोसेसरच्या चुकीचे जुने प्रसिद्ध उदाहरण १९९४ चे. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेन्टियमच्या भागाकारात चूक आढळली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की १.३३३८२ यायला हवे, पेन्टियम १.३३३७३ देई. ती रचनेतली चूक होती. त्या बनावटीच्या प्रत्येक चिपमध्ये तीच, त्याच आकड्यांना, दर वेळी. म्हणून ती कुणालाही स्वतःच्या टेबलावर पडताळून पाहता आली, आणि इंटेलला चिप बदलून द्याव्या लागल्या. त्यासाठी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च धरला.

झिजेतून होणारी चूक याच्या अगदी उलट वागते. ती एका चिपमध्ये असते, शेजारच्या चिपमध्ये नसते. आज होते, उद्या थंड खोलीत होत नाही. दुकानदार तासभर ताणचाचणी लावतो आणि ती पास होते, कारण ताणचाचणीत सगळे कोअर कामाला लागतात, वेग उतरतो आणि चूक होण्याची परिस्थितीच राहत नाही. ग्राहक खोटे बोलतोय की काय असे वाटू लागते. या प्रकरणात ग्राहकांना झालेल्या त्रासाचा मोठा भाग हा होता, आणि मला तो पैशाच्या नुकसानीपेक्षा कमी वाटत नाही.

गेम बंद पडतो तेव्हा निदान कळते तरी. काहीच बंद न पडता उत्तर चुकते, त्याची काळजी मोठ्या संगणक-केंद्रांना जास्त आहे. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी अशी एक घटना शोधनिबंधात मांडली. काही फाइली उलगडल्यावर गायब होत होत्या. शोध घेता घेता ते एका यंत्रातल्या एका कोअरपर्यंत पोहोचले. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक भाग घेतला तर १५६ यायला हवा. तो कोअर ० देत होता. ५२ वा घात विचारला तर १४२ हे बरोबर उत्तर. फाइलचा आकार मोजताना असेच शून्य आले की प्रोग्रॅम समजे की फाइल रिकामी आहे, आणि ती लिहायचीच राहून जाई. कुठेही चूक झाल्याची सूचना नाही. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही लिहिले की काही हजार यंत्रांमागे असे मोजके बेभरवशाचे कोअर त्यांना सापडतात. रॅममधल्या चुका पकडणारी तजवीज सर्व्हरमध्ये असते. कोअरच्या आतल्या गणिताला तशी सर्रास तपासणी नाही.

जादा व्होल्टेजचे हे दुखणे फक्त इंटेलपुरतेही नाही. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स-थ्रीडी प्रोसेसर सॉकेटसह जळाले. तिथेही मदरबोर्ड जादा व्होल्टेज देत होते, आणि नव्या बायोसमध्ये प्रोसेसरच्या एका भागाचे व्होल्टेज १.३ वर रोखावे लागले. दोन्ही कंपन्या पुनरावलोकनांतल्या तक्त्यात एक ओळ वर चढण्यासाठी झगडत होत्या. ५.८ वरून ६ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सुमारे साडेतीन टक्के वाढ. लग्नाचा व्हिडिओ संपादित करणाऱ्याला ती घड्याळ लावूनही जाणवायची नाही. पण ग्राहकाने पैसे मोजले ते पाच-सात वर्षे संगणक नीट चालावा म्हणून, आणि त्याच वर्षांची तरतूद असलेले मार्जिन त्या साडेतीन टक्क्यांसाठी खर्ची पडले. हा व्यवहार ग्राहकाला न विचारता झाला. तो चुकीचा होता.

चौकट: तुमच्याकडे हा प्रोसेसर असेल तर

तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा, ६५ वॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तरच काळजी. लॅपटॉपचे प्रोसेसर, बारावी पिढी आणि नंतरचे कोअर अल्ट्रा यांना हा दोष नाही, असे इंटेलचे म्हणणे आहे.

मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून मे २०२५ नंतरचे बायोस घाला किंवा दुकानदाराकडून घालून घ्या. आज काही त्रास नसला तरी घाला.

बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा.

गेम सुरू होताना तो पडणे, मोठी झिप फाइल उलगडताना चूक दाखवणे, ग्राफिक्स ड्रायव्हर बसवताना अडकणे ही झिजेची खास लक्षणे आहेत. वेग ५.३ गिगाहर्ट्‌झवर आणून लक्षणे थांबली तर चिप झिजली आहे असे धरून चाला.

बिल शोधून ठेवा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या दुकानात संगणक जुळवून घेणाऱ्यांना एक सांगणे आहे. या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन वर्षांवरून पाच वर्षांची केली. तीत आय-५ १३६००के आणि १४६००के, तसेच आय-७ आणि आय-९ मधले १३७००, १४७००, १३९०० आणि १४९०० या मालिका येतात. पेटीबंद चिप घेतली असेल तर दावा थेट इंटेलकडे करता येतो; खोक्याविना, सुटी चिप बसवलेली असेल तर ज्याने संगणक जुळवून दिला त्याच्याकडे जावे लागते. दुकानदार ‘तीन वर्षे संपली’ म्हणाला तर ऐकून परत येऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये घेतलेल्या पेटीबंद चिपची वॉरंटी जानेवारी २०२८ पर्यंत आहे.